जिवंत पेशीतील रेणूंचा माग

माझे गाव सौंसर. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, संत्र्यांच्या बागांचे हे गाव २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. तिथल्या बाजारातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात जाऊन नायट्यावरचे मलम मागितले, तर दुकानदार पुष्कळदा टर्बिनाफिन नावाच्या औषधाची ट्यूब पुढे करतो. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी शेतात राबणाऱ्या माणसाला नायटा काही नवा नाही. पण गेल्या काही वर्षांत भारतभर हा विकार भलताच चिवट झाला आहे. नायटा करणाऱ्या बुरशीची एक जात टर्बिनाफिनला दाद देईनाशी झाली असून, २०२० साली तिला आपल्या देशाच्या नावावरून ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नावही मिळाले. कोणाच्याही सल्ल्याने कसलीही मिश्र मलमे फासण्याच्या आपल्या सवयीचाही या चिवटपणात वाटा आहे.

अशा वेळी एक साधा प्रश्न मनात येतो. मलम कातडीवर चोळल्यानंतर त्यातला औषधाचा रेणू जातो कुठे? कोणत्या वाटेने आत शिरतो, कुठे साठून राहतो? हा प्रश्न शाळकरी पोरानेही विचारावा इतका साधा आहे; पण त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहता येईल अशी युक्ती सापडायला २०१४ साल उजाडावे लागले. त्या युक्तीची हकीकत या लेखात सांगायची आहे.

अडचण कोठे आहे ते प्रथम पाहू. आपल्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला, तर पेशींच्या भिंती दिसतात, रंग टाकल्यास केंद्रकही दिसते. त्या पेशीतली साखर, मेद, औषध मात्र दिसत नाही. पेशी काही मायक्रोमीटर रुंद. ग्लूकोजचा रेणू एक नॅनोमीटरही भरत नाही. एकेक रेणू सुटा पाहण्याचा हट्ट आपण सोडून देऊ. एखाद्या जातीच्या हजारो रेणूंची दाटी पेशीच्या कोणत्या कोपऱ्यात आहे एवढे कळले तरी पुरे. पण तेवढ्यासाठीसुद्धा त्या जातीचे रेणू इतरांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. जत्रेत आपली बंडी ओळखायची तर तिच्यावर काही खूण हवी, तसेच हे आहे.

गेली कित्येक दशके शास्त्रज्ञ ही खूण म्हणून चमकणारी रसायने वापरत आले आहेत. विशिष्ट रंगाचा प्रकाश पडला की जी दुसऱ्या रंगाने उजळतात, अशी द्रव्ये. या गुणाला आपण अनुस्फुरण म्हणतो. एखाद्या प्रथिनाला असे उजळणारे शेपूट जोडले, की ते प्रथिन पेशीत कोठे फिरते ते अंधारातल्या काजव्यासारखे दिसते. जेलीफिशपासून मिळालेले हिरवे अनुस्फुरक प्रथिन या कामी इतके उपयोगी पडले की त्याबद्दल २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. पेशीविज्ञानाचे निम्मे चित्रमय ज्ञान या पद्धतीने मिळाले आहे असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पण ही खूण प्रथिनांना झेपते; लहान रेणूंना झेपत नाही. ते हिरवे प्रथिन २३८ ॲमिनो आम्लांचे, रेणुभार सुमारे २७,०००. ते ज्याच्या अंगावर चढवायचे तो ग्लूकोजचा रेणू १८० चा! शेळीच्या गळ्यात घंटा बांधण्याऐवजी अख्खी बंडीच बांधली, तर ती शेळी कोठे चरायला जाते हे कळणार कसे? बंडी जिथे अडकेल तिथेच शेळी थांबेल. रसायनशास्त्रज्ञांनी पुष्कळ लहान अनुस्फुरक खुणाही तयार केल्या. ग्लूकोजला अशी एक खूण लावून जो रेणू प्रयोगशाळांत सर्रास वापरतात त्याचा भार ३४२ आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्याच्या वागणुकीवरून साध्या साखरेविषयी अनुमान काढताना जपावे लागते. औषधांच्या बाबतीत तर ही अडचण फारच बोचते, कारण औषधाचा सारा गुण त्याच्या नेमक्या आकारात असतो. त्याला मोठे शेपूट लावले की ते दुसरेच द्रव्य झाले.

तेव्हा खूण अशी हवी की ती वाहणाऱ्या रेणूला आणि पेशीला तिची जवळपास दखलच लागू नये, पण आपल्या उपकरणाला मात्र ती चटकन ओळखू यावी. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. त्या एकत्र आणणारा मार्ग रामन परिणामातून गेला.

या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना चंद्रशेखर व्यंकट रामन हे बंगळूरचे म्हणून ठाऊक असतात, बंगालच्या लोकांना कलकत्त्याचे म्हणून. रामन नागपूरलाही होते ही गोष्ट आमच्या भागातल्या लोकांनासुद्धा फारशी माहीत नसते. भारत सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी असताना रंगूनहून बदली होऊन ते १९१० साली नागपुरास आले आणि १९११ मध्ये कलकत्त्यास परत गेले. त्या काळी नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती आणि सौंसर त्याच प्रांतातल्या छिंदवाडा जिल्ह्यात होते. दिवसा सरकारी हिशेब आणि उरलेल्या वेळात भौतिकशास्त्र असा त्यांचा तेव्हाचा क्रम होता. त्या वर्षांतले त्यांचे निबंध पाहिले तर ते बहुतेक कंप पावणाऱ्या तारांविषयीचे आहेत. १९०९ मध्ये तर त्यांनी चक्क एकतारीवर एक टिपण लिहिले होते. प्रकाशाचा परिणाम शोधायला अजून बरीच वर्षे होती, पण तारेच्या कंपनाचा विचार या माणसाच्या डोक्यात आधीपासून घर करून होता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे आपल्याला तार लागणारच आहे.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास रामन व त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी जे पाहिले ते असे. एका रंगाचा प्रकाश शुद्ध द्रवातून गेला की त्यातला थोडा बाजूला विखुरतो. विखुरलेला बहुतेक प्रकाश मूळ रंगाचाच असतो. पण दर कोटीभर प्रकाशकणांत एखादा असा निघतो की ज्याचा रंग बदललेला असतो. हा प्रकाशकण रेणूला आपल्या ऊर्जेतला एक ठरावीक हप्ता देऊन बाहेर पडलेला असतो. त्या हप्त्याने रेणूतला एखादा बंध कंप पावू लागतो. प्रत्येक जातीच्या बंधाचा हप्ता ठरलेला असल्याने, बाहेर आलेल्या प्रकाशाचा रंग किती उतरला हे मोजले की आत कोणता बंध आहे ते सांगता येते. सूर्यप्रकाश, दुर्बीण, रंगीत काचा आणि द्रवांच्या बाटल्या एवढ्या सामग्रीवर झालेल्या या शोधाला १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाविद्यालयांतून १९८७ पासून दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो, हार घातले जातात आणि रामन परिणामाची व्याख्या कोणी तरी पाठ म्हणून दाखवतो. एवढ्यावर तो विषय वर्षभर मिटतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता तार. तारेचा स्वर दोन गोष्टींवर अवलंबून असतो: ती किती ताणलेली आहे आणि किती जड आहे. ताण वाढवला की स्वर चढतो, जाड तार लावली की उतरतो. दोन अणूंमधला बंधही असाच आहे. बंध जितका ताठर तितके कंपन जलद. टोकाचे अणू जितके जड तितके कंपन मंद. ही कंपने आपण तरंगांकात मोजतो, म्हणजे एका सेंटिमीटरच्या लांबीत किती तरंग बसतात त्या आकड्यात. कार्बन-कार्बन एकेरी बंधाचा स्वर साधारण १००० च्या आसपास, दुहेरी बंधाचा १६०० च्या जवळ आणि तिहेरी बंधाचा २१०० च्या पुढे. ताठरपणा वाढत गेला तसा स्वर चढत गेला हे उघड दिसते. कार्बन-हायड्रोजन बंधाचा स्वर मात्र २९०० च्या घरात आहे, कारण हायड्रोजन हा सर्वांत हलका अणू.

जिवंत पेशीचा रामन वर्णपट घेतला तर काय दिसते? ६०० पासून १८०० पर्यंत नुसता कोलाहल असतो. प्रथिने, मेद, केंद्रकाम्ले सगळी तिथे एकदम बोलत असतात. पुढे २८०० ते ३००० च्या दरम्यान कार्बन-हायड्रोजन बंधांचा मोठा गजर होतो. आणि या दोहोंच्या मध्ये, १८०० पासून २८०० पर्यंत, जवळजवळ पूर्ण शांतता! पेशीतल्या नेहमीच्या रेणूंपैकी कोणाचाच स्वर त्या पट्ट्यात पडत नाही.

साऱ्या युक्तीचे मर्म याच शांत पट्ट्यात आहे. बाजारात ओरडून उपयोग नाही, पण मध्यरात्री वाजलेली लहानशी घंटाही गावभर ऐकू येते. ज्या बंधाचा स्वर या पट्ट्यात पडेल असा एकच बंध आपल्या रेणूवर बसवला, तर पेशीतला दुसरा कोणताही रेणू त्याच्या आड येणार नाही.

असा बंध मिळवायला दोन वाटा आहेत, आणि गंमत अशी की त्या एकाच पट्ट्यात दोन विरुद्ध दिशांनी उतरतात. पहिली वाट तार ताणण्याची. दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडा, स्वर खालून चढून २१०० ते २२५० च्या दरम्यान येतो. दुसरी वाट तार जड करण्याची. कार्बनला जोडलेला हायड्रोजन काढून त्याच्या जागी त्याचाच दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम बसवा. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे: कार्बन-हायड्रोजन जोडीचा क्षपित भार बारा भागिले तेरा, कार्बन-ड्यूटेरियम जोडीचा चोवीस भागिले चौदा. दोहोंच्या गुणोत्तराचे वर्गमूळ ०.७३ येते. २९०० ला त्याने गुणले की सुमारे २१३०. वरून उतरणारा स्वर नेमका त्याच शांत पट्ट्यात येऊन बसतो.

तिहेरी बंध म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नव्हे. गॅस वेल्डिंगवाल्याच्या टाकीतला ॲसिटिलीन वायू म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन व दोन हायड्रोजन. कॅल्शियम कार्बाईडच्या खड्यावर पाणी पडले की हाच वायू निघतो. जुन्या कार्बाईडच्या दिव्यांत तो जळायचा, आणि बंदी असूनही फळे पिकवायला काही व्यापारी अजून तो वापरतात. माणसाच्या पेशीत मात्र हा बंध नैसर्गिकपणे जवळजवळ सापडत नाही. गाजरासारख्या काही वनस्पती तिहेरी बंधाची द्रव्ये बनवतात, म्हणून ‘जवळजवळ’ म्हटले.

या बंधाची खूण किती हलकी आहे त्याचे एक उदाहरण घ्या. पेशी विभागताना नवा डीएनए रचते तेव्हा तिला थायमिडीन नावाचा घटक लागतो. त्याचा रेणुभार २४२. त्यातला एक मिथिल गट काढून तिथे दोन कार्बनांचा तिहेरी बंध बसवला की जो रेणू होतो त्याला ईडीयू म्हणतात, आणि त्याचा भार २५२. दहाचाच फरक. पेशी फसते आणि नव्या डीएनएत थायमिडीनच्या जागी ईडीयू ओवत जाते. हा रेणू आधीपासून वापरात होता, पण तो पाहण्यासाठी पेशी मारून, तिच्यात तांब्याच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने तिहेरी बंधाला चमकणारा रंग चिकटवावा लागे. तिहेरी बंधाला अशी जोडणी करणाऱ्या रसायनाला २०२२ चे नोबेल मिळाले, तेव्हा ती वाट काही वाया गेली असे नाही. पण त्यात पेशी जिवंत राहत नसे.

२०११ मध्ये जपानमधील मिकिको सोदेओका आणि कात्सुमासा फुजिता यांच्या गटांनी ईडीयू खाऊ घातलेल्या पेशी सरळ रामन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. रंग नाही, तांबे नाही. वर्णपटात २१२० च्या जागी एक सुटे, स्वच्छ शिखर दिसले, आणि त्या शिखराच्या उंचीवरून चित्र काढले तेव्हा पेशीचे केंद्रक उजळून आले. ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी सांगतो: हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या लेसरने हा बंध हलवला, तर परत येणारा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नारिंगी रंगाचा असतो. आमच्या संत्र्याच्या रंगाचाच म्हणा ना!

पण कोटीत एक प्रकाशकण ही रामनची जुनी गरिबी इथेही आडवी आली. चित्राचा एकेक ठिपका भरायला वेळ लागे. एका चित्राला कित्येक मिनिटे. तोवर जिवंत पेशीतली वस्तू जागा सोडून गेलेली असायची.

या गरिबीवर तोड निघाली ती झोक्याच्या तत्त्वाने. नागपंचमीचा झोका उगाच धक्के देऊन चढत नाही. त्याच्या लयीत धक्का दिला की चढतो. पेशीवर एकाच वेळी दोन लेसर किरण टाकायचे, आणि त्या दोहोंच्या तरंगांकांतले अंतर बंधाच्या स्वराशी बरोबर जुळेल असे ठेवायचे. मग दोन्ही किरण मिळून त्या बंधाला त्याच्याच लयीत ढकलू लागतात. एका किरणातून ऊर्जा कमी होते, दुसऱ्यात वाढते, आणि फरक बंधाला मिळतो. अंतर जुळले नाही तर काहीच घडत नाही. हा फरक अतिशय सूक्ष्म असतो, म्हणून एक किरण सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा चालू-बंद करतात आणि दुसऱ्या किरणात तेवढ्याच ठेक्याने होणारी थरथर मोजतात. बाकीचा गोंगाट आपोआप गळतो. याला उद्दीपित रामन प्रकीर्णन म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील सनी शिए यांच्या गटाने २००८ मध्ये या तत्त्वावर जिवंत पेशींची चित्रे काढून दाखवली. त्या गटात वेई मिन नावाचे तरुण संशोधक होते. ते पुढे कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तिहेरी बंधाची खूण व दोन लेसरांचा झोका यांची गाठ तिथे पडली.

२०१४ च्या त्यांच्या प्रबंधात एकामागून एक चित्रे आहेत. ईडीयूने उजळलेली केंद्रके आहेत, त्यांतही ज्या पेशी विभागण्याच्या तयारीत होत्या त्यांचीच. कोलीनवर खूण लावल्यावर पेशीचे पापुद्रे दिसले, ॲमिनो आम्लावर लावल्यावर नुकतीच रचलेली प्रथिने, मेदाम्लावर लावल्यावर मेदाचे थेंब. आणि शेवटी उंदराचा कान आहे. त्या कानाला टर्बिनाफिन लावले होते.

औषधांपैकी टर्बिनाफिनच का, हे आता कळेल. त्याच्या रेणूच्या शेपटीत कार्बन-कार्बन तिहेरी बंध मुळातच आहे. तो कोणी खूण म्हणून बसवलेला नाही; औषधाच्या घडणीचाच भाग आहे. सौंसरच्या दुकानातल्या त्या ट्यूबमधला प्रत्येक रेणू जन्मजात घंटा बांधून येतो. तिचा स्वर सुमारे २२३०. (असे रेणू आणखीही आहेत. ‘माला-डी’ गोळीतील दोन्ही संप्रेरकांत हा बंध आहे, एचआयव्हीवरच्या एफाव्हिरेन्झ या औषधातही आहे. तेव्हा तिहेरी बंध शरीराला अगदीच परका आहे असे म्हणून घाबरण्याचे कारण नाही.) संशोधकांनी लेसरांचे अंतर त्या स्वरावर जुळवले आणि कानाच्या कातडीत वेगवेगळ्या खोलीवर चित्रे काढली. औषध कातडीतल्या स्निग्ध भागांच्या वाटेने आत उतरत होते. वरच्या थरात पेशींच्या मधल्या स्निग्ध फटींतून, आणि खाली तेलग्रंथी व चरबी यांच्या आसपास. पाण्याचा तिटकारा असलेल्या रेणूने असेच वागावे हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर्काने सांगता आले असते. पण तर्काने सांगणे वेगळे आणि बिनरंगाच्या, जशाच्या तशा औषधाला त्या वाटेवर पाहणे वेगळे.

ड्यूटेरियमच्या वाटेचा इतिहास याहून जुना आणि मला तरी जास्त हृद्य वाटतो. हॅरॉल्ड युरी यांनी ड्यूटेरियम शोधले ते १९३१ साली, कोलंबिया विद्यापीठातच. जर्मनीतून परागंदा होऊन तिथे आलेले रूडॉल्फ शोनहायमर यांनी १९३५ च्या सुमारास डेव्हिड रिटेनबर्ग यांच्यासह ड्यूटेरियमची खूण लावलेला मेद उंदरांना खाऊ घातला. तोपर्यंत समज असा होता की शरीरातली चरबी ही कोठारातल्या धान्यासारखी पडून राहते व अडीअडचणीला बाहेर निघते. शोनहायमर यांना दिसले की ते कोठार अखंड भरत आणि रिकामे होत असते. आज खाल्लेला मेद साठ्यात जातो आणि जुना जळतो. शरीर म्हणजे वाहती नदी आहे ही कल्पना जीवरसायनात तिथून रुजली. पण हे कळण्यासाठी त्यांना उंदीर मारून त्यांची चरबी वेगळी काढून तपासावी लागे. ती शरीरात कुठे, कोणत्या पेशीत, हे विचारायची सोयच नव्हती. ऐंशीएक वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच विद्यापीठात वेई मिन यांच्या गटाने प्राण्यांना जडपाणी मिसळलेले पाणी पाजले आणि नव्याने तयार होणारे मेद व प्रथिने उद्दीपित रामन पद्धतीने ऊतकांत जागच्या जागी पाहिली. जडपाणी म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेले पाणी. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात थळ येथे १९८७ पासून त्याचा कारखाना आहे. अणुभट्टीसाठी काढलेले हे पाणी पेशीच्या अभ्यासाला उपयोगी पडेल असे तो उभारणाऱ्यांच्या मनातही नसेल.

रंगांची गोष्टही थोडक्यात सांगावी. अनुस्फुरणाचे पट्टे इतके रुंद असतात की एका पेशीत चार-पाचांहून जास्त रंग एकत्र नांदत नाहीत, एकमेकांत मिसळतात. रामनची शिखरे अरुंद, त्यामुळे शेजारी शेजारी पुष्कळ बसतात. तिहेरी बंधातला एखादा कार्बन जड समस्थानिकाचा घेतला, किंवा बंधाच्या टोकाला वेगळा गट लावला, की स्वर जरासा सरकतो आणि नवा ‘रंग’ मिळतो. २०१७ मध्ये कोलंबियाच्या गटाने अशा खुणा व नेहमीचे अनुस्फुरक रंग मिळून २४ वेगळे रंग दाखवले.

एवढे वाचून कोणाला वाटेल की आता सारे प्रश्न सुटले. तसे नाही. पहिली मर्यादा संवेदनक्षमतेची. ईडीयू दिसायला पेशीत त्याचे प्रमाण सुमारे २०० मायक्रोमोलर लागले. म्हणजे लेसरच्या टोकाएवढ्या जागेत बारा हजारांच्या आसपास रेणू एकत्र हवेत. (लेसरच्या टोकाची जागा घन मायक्रोमीटरचा दहावा भाग धरून ॲव्होगाड्रोच्या अंकाने हे ताडून पाहावे.) पुष्कळ औषधे याहून कितीतरी कमी प्रमाणात गुण दाखवतात, आणि ती या पद्धतीला दिसत नाहीत. अनुस्फुरण तिथे अजून शिरजोर आहे. नशीब असेल तर ते एकेकटा रेणूही दाखवते. दुसरे असे की लहान खूण म्हणजे खूणच नाही असे नव्हे. ईडीयू दीर्घकाळ दिला तर पेशींना तो बाधतो. डीएनएत उपरा घटक ओवला गेल्यावर असे होणारच. म्हणून प्रत्येक वेळी खूण लावलेला रेणू मूळ रेणूसारखाच वागतो की नाही हे वेगळे तपासावे लागते. तिसरी गोष्ट पैशाची. या कामासाठी लागणारे लेसर आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अनुदानात बसणारे नाहीत, हे प्राचार्यांना सांगायची गरज नाही.

खूण न लावताही रामन उपयोगी पडतो, आणि ते काम आपल्याकडे झाले आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथे मुरली कृष्ण यांच्या गटाने रुग्णांच्या गालाच्या आतल्या बाजूस प्रकाशतंतूची सळई टेकवून रामन वर्णपट घेतले. निरोगी जागेचा आणि कर्करोगाच्या जागेचा वर्णपट वेगळा येतो. एवढेच नव्हे तर तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली वरवर निरोगी दिसणारी जागाही थोडी वेगळी बोलते असे त्यांना आढळले. विदर्भात आणि आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे खऱ्र्याची पुडी ज्याच्या खिशात नाही असा माणूस शोधावा लागतो, म्हणून या कामाचे मोल मला विशेष वाटते. मात्र तिथे आपण त्या कोलाहलाच्या पट्ट्यातले सामूहिक बोलणे ऐकत असतो. गर्दीचा सूर बदलला हे कळते; त्यातला अमुक एक माणूस कोठे उभा आहे हे कळत नाही. त्याला खूणच लागते.

परत मलमाकडे येऊ. उंदराच्या कानावर जे पाहिले ते माणसाच्या नायट्यावर जसेच्या तसे लागू करता येणार नाही. उंदराची कातडी पातळ, केसाळ. नायट्याची कातडी सुजलेली, खवले धरलेली आणि बहुधा आधीच चार मलमे चोळलेली. शिवाय चिवट बुरशीच्या बाबतीत दोष औषध न पोहोचण्याचा असतोच असे नाही. बुरशीच्या शरीरातले जे विकर टर्बिनाफिन अडवते, त्याचीच घडण त्या जातीत बदलली आहे. औषध दाराशी आले तरी कुलूपच दुसरे. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत औषध पोहोचले नाही की पोहोचून निरुपयोगी ठरले, हे दोन निदान वेगळे, आणि त्यांवरचे उपायही वेगळे. पहिल्यात मलमाचा पाया बदलावा लागेल, दुसऱ्यात औषधच.

हा भेद डोळ्यांनी करता येण्याजोगा आहे. प्रकाश कातडीत फार खोल जात नाही. या पद्धतीने काढलेली चित्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतची, म्हणजे सुमारे १०० मायक्रोमीटरची. नायट्याची बुरशी मात्र कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थरातच राहते, आणि अंगावर बहुतेक ठिकाणी निरोगी कातडीत तो थर १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो.